आठ दिवस थीम पार्कात, मग विश्रांती कधी?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३९. नवरा-बायको मिळून समुद्रापासून चालत जाता येईल अशा अंतरावर चार खोल्यांचं निवास-न्याहारीचं घर चालवतात, शिवाय हापूसची थोडी कलमं आहेत. घरी सासू-सासरे, बारा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना मधुमेह आहे, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांनी आग्रह धरलाय की जूनअखेर सगळ्यांनी यावं आणि दोन्ही कुटुंबांनी मिळून फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डच्या रिसॉर्टमध्ये आठ दिवस राहावं. हॉटेलचा खर्च दीर करणार, विमान आणि पार्कची तिकिटं यांची यांनी काढायची. मुलगा व्हिडिओ पाहून पाहून एकेका राइडची माहिती तोंडपाठ सांगतो. नवरा म्हणतो, “तिथे तुला काडीही हलवावी लागणार नाही.” ताईंचं मात्र मन घेत नाही. त्या लिहितात, “एवढ्या पैशात इथे आणखी एक खोली उभी राहील. पण नाही म्हटलं तर मुलांच्या आनंदावर विरजण घालणारी मीच ठरणार. आणि खरं सांगू? मला फक्त झोपायचंय. माझंच काही चुकतंय का?”

ताई,

“मला फक्त झोपायचंय” हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचा सगळा गुंता त्या वाक्याभोवती आहे असं मला वाटतं.

दिवाळीपासून मे संपेपर्यंत तुमच्याकडे पाहुणे असतात. सकाळी सहाला चहा, मग घावणे नाहीतर पोहे, अकरा वाजता “आज सुरमई आहे का, की पापलेटच?”, रात्री साडेदहाला “आम्ही कणकवलीपर्यंत आलोय, जेवण ठेवाल ना?” मेमध्ये याच्या जोडीला आंबा उतरवणं, पेट्या भरणं. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने तुम्ही दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळता. जूनमध्ये मासेमारीला बंदी लागते, पाण्यातले खेळ बंद होतात, पाहुणे तुरळक होतात, तेव्हा कुठे तुमची पाठ जमिनीला लागते. नेमकी हीच वेळ दिरांनी निवडली आहे, आणि त्यांचाही नाइलाज आहे, कारण त्यांच्या मुलांच्या शाळा जूनच्या उत्तरार्धातच सुटतात. आपल्या शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, ही आणखी एक अडचण. तेव्हा चुकतंय म्हणाल तर तुमचं काही चुकत नाही. तुम्ही दमला आहात.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य घेऊ. ते मनापासून बोलतायत याबद्दल मला शंका नाही. रिसॉर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयतं ताट आणि आवरलेली खोली येते. खोली कोणीतरी आवरून देईल हे खरं. पण थीम पार्कचं रिसॉर्ट म्हणजे पाय पसरून बसण्याची जागा नव्हे, आणि गैरसमज नेमका तिथेच होतो.

डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं. आज त्याचा पसारा सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे: चार मोठे थीम पार्क, दोन वॉटर पार्क, पंचवीसहून जास्त हॉटेलं. ‘रिसॉर्टमध्येच राहतोय’ म्हटलं तरी बहुतेक हॉटेलांतून पार्कला जायला बस धरावी लागते, मग बॅगांची तपासणी, मग प्रवेशाची रांग, आणि मग पहिल्या राइडची रांग. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं.

त्यात फोन. पूर्वी तिथे रांग टाळायची सोय तिकिटातच असायची, १९९९ पासून होती. २०२१ पासून तिला वेगळे पैसे पडू लागले. आता तिला लाइटनिंग लेन म्हणतात, आणि तारीख व पार्क पाहून तिचा दर बदलतो. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ती मुक्कामाच्या सात दिवस आधीपासून घेता येते, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधीपासून. हे आरक्षण उघडतं तिथल्या सकाळी सातला, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी साडेचारला. आधी तीन राइड निवडायच्या, एक झाली की फोनवर पुढची शोधायची, असं दिवसभर. बसून जेवायच्या हॉटेलांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. चांगल्या वेळा लवकर जातात.

तुमच्या घरात बुकिंगचा फोन कोण सांभाळतं? कोणत्या खोलीत कोण, कोणाला तिखट चालत नाही, कोणाची गाडी किती वाजता, हे कोणाच्या डोक्यात असतं? पत्रावरून तरी ते तुम्हीच दिसता. मग ऑर्लँडोतही दोन कुटुंबांच्या राइडची जुळवाजुळव तुमच्याच हातात येणार, सोबत सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आणि मुलीची सू. म्हणून यजमानांशी बोलताना “मला जायचं नाही” असं सुरू करू नका. “तिथे फोन कोण सांभाळणार?” हे विचारा. ते म्हणाले “मी”, तर अर्धा प्रश्न सुटला. पण आतापासून. व्हिसाचा अर्ज आणि पार्कचं वेळापत्रक, दोन्ही त्यांनीच करायचं.

उन्हाबद्दलही बोलायला हवं, कारण “आम्हाला उकाड्याची सवय आहे” हे कोकणातला प्रत्येक माणूस म्हणतो. सवय आहे ती उकाडा कसा टाळायचा याची. मालवणात दुपारी एक वाजता कोण रस्त्यावर उभं असतं? आपण जेवून आडवे होतो. फ्लोरिडात जून-जुलैत ऊन आणि दमट हवा आपल्या मे महिन्यासारखीच, आणि दुपारनंतर जवळजवळ रोज गडगडाटी पाऊस. जवळपास वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. वादळांचा मोसमही जूनपासूनच सुरू होतो. त्यातच अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी. नावाजलेल्या राइडला तास-दीड तास उभं राहायचं आणि राइड तीन-चार मिनिटांची. आंगणेवाडीच्या जत्रेत आपण भराडी देवीच्या दर्शनाला तासन् तास उभे राहतो, पण ते एकदा. इथे तसंच दिवसातून चार-पाच वेळा, आणि तेही आठ दिवस.

एका प्रसंगाचं मला अजून विस्मरण होत नाही. बहिणीच्या कुटुंबासोबत मी अशाच एका अवाढव्य पार्कात गेले होते. एका राइडच्या तोंडाशी, भिंतीच्या हातभर सावलीत, आपल्याकडचे एक आजोबा बसलेले. मांडीवर तीन पाण्याच्या बाटल्या, दोन टोप्या, सुनेची पर्स आणि नातीचं अर्धं खाल्लेलं बिस्कीट रुमालात गुंडाळलेलं. आम्ही आत गेलो तेव्हा ते तिथे होते, बाहेर आलो तेव्हाही तिथेच. त्यांची माणसं कधीच बाहेर आली होती, पण बाहेर पडायची वाट दुसऱ्या बाजूने, खेळण्यांच्या दुकानातून निघत होती. सून त्यांना एका टोकाला शोधत होती, आजोबा दुसऱ्या टोकाला जागा न सोडता बसलेले. शोधाशोध संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “मी म्हटलं, हललो तर चुकामूक व्हायची.” चुकलं कोणाचंच नव्हतं. पण तो दिवस त्या आजोबांची सुट्टी होता, असं मला म्हणवत नाही.

सासऱ्यांचा मधुमेह आणि सासूबाईंचे गुडघे मी म्हणूनच पत्रात दोनदा अधोरेखित केले. भाड्याने व्हीलचेअर मिळते, ती जरूर घ्या. पण गुडघे दुखतात म्हणून रांगेत उभं राहण्यातून सूट मिळेल असं धरून चालू नका. ती सवलत २०२४ पासून मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली आहे. प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का, हे कागदावर वाचून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. अमेरिकेतला दवाखान्याचा खर्च आपल्या हिशोबात बसणारा नसतो.

मुलीचंही बघा. आज संध्याकाळी तिला दाराच्या चौकटीला टेकून उभी करा आणि उंची मोजा. स्पेस माउंटनला ११२ सेंटिमीटर लागतात, सेव्हन ड्वार्फ्सच्या राइडला ९७. दादाच्या ज्या राइडचं कौतुक ती घरात रोज ऐकतेय, त्यातल्या काहींच्या दारातून तिला परत फिरवतील. हे तिला इथेच, घरी सांगितलेलं बरं. तिथे ऐनवेळी कळलं तर रडारड होणार आणि ती आवरायला पुन्हा तुम्हीच. ‘रायडर स्विच’ नावाची एक फुकट सोय आहे: एक मोठं माणूस लहान मुलासोबत थांबतं, दुसरं जाऊन येतं, मग थांबलेल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. ती आठवणीने मागून घ्या.

पैशांचं गणित मी फार लांबवत नाही, तुम्ही धंदा करता, ते तुम्हाला जमतं. एवढंच सांगते, की मुलांचा दर तीन ते नऊ वर्षांपर्यंतच असतो आणि तोही मोठ्यांपेक्षा थोडासाच कमी. तुमच्या मुलाचं तिकीट पूर्ण. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या बरंच पुढे असतं, आणि गर्दीच्या तारखांना मॅजिक किंगडम या पार्कचं दोनशेच्या आसपास जातं. जितके जास्त दिवस घ्याल तितका दिवसाचा दर उतरतो. “आठ दिवसच परवडतात” असं दीर म्हणतायत ते बहुधा यामुळेच. दर उतरतो हे खरं, पण एकूण खर्च वाढतच जातो. वर जेवण, लाइटनिंग लेन, दर राइडच्या शेवटी लागणारं दुकान. आणि पाचव्या दिवशी पाय दुखत असतानाही “तिकीट वाया जाईल” म्हणून सगळ्यांना उठवायचं, ते कोणी उठवायचं हेही आत्ताच ठरवून टाका.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मी “नको जाऊ” म्हणतेय. तसं नाही. तुमच्या मुलाची हौस मला खोटी वाटत नाही. “घरासमोर समुद्र असताना कशाला हवीत ती खोटी जहाजं” असं आपल्याकडची वडीलधारी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला रोज समुद्र दिसतो त्याला समुद्राचं अप्रूप कसं असेल? पुण्याचा मुलगा तुमच्या अंगणात येऊन खेकड्याच्या मागे धावतो, तसा तुमचा मुलगा तिथल्या रोलर कोस्टरमागे धावेल, आणि तो आनंद अस्सलच असेल. त्याच्यासमोर कोकणाचे गोडवे गाऊन त्याची हौस कमी दर्जाची ठरवू नका. त्याला आठ दिवस लागतील का, एवढाच प्रश्न आहे. मला वाटतं, दोन दिवस पुरे आहेत.

मी तुमच्या जागी असते तर दिरांकडे गेले असते, पण न्यू जर्सीला. भावाभावांची भेट, चुलत भावंडांनी एका खोलीत लोळणं, सासूबाईंनी धाकट्या मुलाच्या घरात चार दिवस राहणं हे या प्रवासाचं खरं कारण आहे. थीम पार्कात दोन कुटुंबं आठ दिवस एकत्र असतात खरी, पण बोलणं होतं ते “पुढचं काय, किती वाजता, कुठे भेटायचं” एवढंच. मुक्काम दिरांच्या घरी ठेवा. तिथून फ्लोरिडाला फक्त ज्यांना हवंय त्यांनी जावं: दोन्ही भाऊ आणि मुलं. एक दिवस मॅजिक किंगडम, एक दिवस मुलांच्या आवडीचा दुसरा पार्क. पार्क उघडायच्या आधी दारात हजर राहायचं, दुपारी बाराला परत यायचं, झोपायचं, ऊन उतरल्यावर पुन्हा जायचं. तिसऱ्या दिवशी पूर्वेला तासाभरावर केनेडी स्पेस सेंटर आहे. तिथलं ‘अटलांटिस’ यान प्रत्यक्ष अंतराळात जाऊन आलेलं आहे, बारा वर्षांच्या मुलाला ते नक्की दाखवा. रिसॉर्टच्या आत आठ दिवस राहिलात तर फ्लोरिडातलं हे काहीच दिसत नाही. सगळी व्यवस्था माणूस बाहेर पडू नये अशीच केलेली असते.

तुम्ही जायचं की न्यू जर्सीत थांबायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मुलीसोबत दोन दिवस जावंसं वाटलं तर जा. जाऊबाईंबरोबर घरी राहून दुपारभर झोपावंसं वाटलं तर तसं करा, आणि कोणालाही कारण देऊ नका.

सगळ्यांनीच फ्लोरिडाला जायचं ठरलं, तर किसिमी भागात पार्कजवळ स्वयंपाकघरासह अख्खी घरं भाड्याने मिळतात, वडीलधाऱ्यांसाठी ती सोयीची. पण स्वयंपाकघर दिसलं की आपल्या घरात काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. तिथे तुम्ही सहा वाजता उठून घावणे घालणार असाल तर त्यापेक्षा हॉटेल बरं. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त काचेच्या बरण्या-बाटल्या चालत नाहीत, आणि खाण्याच्या काउंटरवर थंड पाणी फुकट मागता येतं. लाडू, चकल्या घरून न्या. दिरांसाठी आंबे मात्र बॅगेत टाकू नका. आपला हापूस अमेरिकेत जातो तो विकिरण प्रक्रिया होऊन, रीतसर माल म्हणून. प्रवाशाच्या पिशवीतलं ताजं फळ विमानतळावरच काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो.

पैसे गुंतवण्याआधी एक रंगीत तालीमही करता येईल. व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात होईल. त्याच फेरीत एक दिवस खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जा, शनिवार-रविवार टाळून. २०१३ पासून सुरू असलेला पार्क आहे, राइडही चांगल्या आहेत. मुलगी किती वेळ टिकते, मुलाला संध्याकाळी आणखी हवंसं वाटतं की पुरे होतं, यजमान फोन सांभाळतात का, सगळं एका दिवसात कळेल. रिसॉर्टचं आरक्षण त्यानंतरच. व्हिसाच्या अर्जाचं शुल्क माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, म्हणून दिरांना स्पष्ट सांगा, की व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही बुक करायचं नाही.

हॉटेलचा खर्च दीर करतायत म्हणून आपण मिंधे झालो, आता त्यांच्या बेताला नाही कसं म्हणायचं, हा सूर तुमच्या पत्रात आहे. पण बेत लहान केला तर त्यांचेही पैसे वाचतात. त्यांनी तो आखताना तुमचं वर्ष कसं जातं हे धरलं नसेल, कारण ते घर सोडून गेले तेव्हा या खोल्या नव्हत्या. फोन तुम्ही करू नका, यजमानांनी करावा. “आईचे गुडघे आणि बाबांची शुगर बघता आठ दिवस जमणार नाही. आम्ही तुझ्याकडे राहतो, पार्कला दोन दिवस जाऊ.” भाऊ भावाला हे एका मिनिटात सांगू शकतो. तुम्ही सांगितलंत तर तेच “वहिनींना यायचं नव्हतं” असं होतं, आणि ते वर्षानुवर्षं राहतं.

एक खोली उभी राहील म्हणता, तो विचारही बाजूला टाकू नका. वेगळा करा. खोलीमुळे उत्पन्न वाढेल आणि कामही वाढेल. आज तुम्हाला झोप हवी असताना पाचवी खोली हे तिचं उत्तर होत नाही. मदतीला एक बाई पूर्ण मोसमभर ठेवता आली तर ते पैसे आधी तिथे घाला.

आणि तुमची झोप. ती अमेरिकेच्या बेतात बसवू नका. लावणी उरकली की, गणपतीची धावपळ सुरू व्हायच्या आधी, पाच दिवस बुकिंगच्या कॅलेंडरवर ‘बंद’ लिहा. यजमानांनी मुलांना घेऊन कोल्हापूरला जावं, सासू-सासऱ्यांना नणंदेकडे सोडावं. घर तुमचं, पाऊस बाहेर, दाराशी कोणी नाही. माहेरी जाऊ नका, तिथे पुन्हा वहिनीला मदत करत बसाल. यजमानांना हे पाच दिवस कठीण वाटले तर त्यांना माझं हे उत्तर वाचायला द्या.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय, “त्या म्हणतात, पोरांसाठी येईन.” त्यांना एकट्या असताना विचारा, सगळ्यांच्या देखत नको. विचारताना पार्कचं नाव काढू नका. “तुम्हाला भावोजींकडे जाऊन काय करायचंय?” एवढंच विचारा, आणि त्या जे सांगतील त्यावरून त्यांचं तिकीट कुठपर्यंत काढायचं ते ठरवा.